दुअनताईची फेरपरीक्षा

आमच्या तांबोन कार्यालयाच्या सभागृहात आजवर झालेल्या प्रशिक्षणांचे फ्लेक्स मागच्या खोलीत गुंडाळून ठेवलेले आहेत. अकरा गावांचं आमचं तांबोन, आणि प्रत्येक गावातून कोणी ना कोणी ते मागायला येतं. डुकरांच्या गोठ्यावर टाकायला किंवा टॅपिओकाचे काप वाळवायला ते उत्तम असतात. प्रशिक्षणांचा याहून टिकाऊ उपयोग झालेला मी पाहिलेला नाही.

त्यातला सगळ्यात मोठा फ्लेक्स 'मनोविकाराच्या आणीबाणीत रुग्णाशी कसे वागावे' या विषयाचा होता. त्यावर विषयापेक्षा आचार्य विथून यांचा फोटो मोठा होता. आमच्याकडे शिकवायला येणाऱ्या प्रत्येकाला आचार्य म्हणतात. मग तो तत्त्वज्ञान शिकवायला आलेला असो की कोंबड्यांना लस टोचायला. विथून राजधानीतल्या कुठल्याशा संस्थेतून आले होते. पांढरा शर्ट, खिशाला लावलेला छोटा माईक, आणि प्रत्येक वाक्यानंतर समोरच्याला समजायला वेळ देण्यासाठी थांबण्याची सवय.

त्यांना बोलावण्याचं कारण खरं होतं. शेजारच्या जिल्ह्यात एका भ्रमिष्ट माणसाला गाडीत चढवताना झटापट झाली आणि तो मेला. त्यावर वरून हुकूम निघाला: खेड्यांतल्या रुग्णवाहिकांवर काम करणाऱ्या प्रत्येकाने पाच दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं आणि परीक्षा द्यावी. नापास होईल त्याला गाडीत बसता येणार नाही. माणूस का मेला याची चौकशी अजून चालू आहे. परीक्षा मात्र लगेच छापून आली.

आमच्याकडे एक गाडी आणि तिच्यावर आळीपाळीने जाणारी सहा माणसं. त्यांच्या पाळ्यांचा तक्ता आणि गाडीतल्या सामानाची यादी माझ्याकडे असते. वाणिज्य शाळेतून बाहेर पडल्यापासून मी याद्याच करत आलो आहे. त्या सहांत एकच बाई, लामदुअन. सगळे तिला दुअनताई म्हणतात, तिच्याहून मोठे असलेलेसुद्धा. मी तिला नुसतं दुअन म्हणतो.

दुअन एक्कावन्न वर्षांची आहे. अंगाने जाड, चालायला सावकाश. अठरा वर्षं ती शाळेच्या फाटकाशी कोंबड्या भाजून विकायची. एकदा शाळेसमोर एका मुलीला ट्रकने उडवलं, तेव्हा गाडी येईपर्यंत दुअनने तिचं डोकं हलू न देता दोन्ही हातांत धरून ठेवलं. गाडीवर त्या दिवशी एक माणूस कमी होता, म्हणून तीच चढली आणि मग उतरलीच नाही. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली.

ती गोड स्वभावाची आहे असा कोणाचा समज होऊ नये. पाळीच्या खोलीत ती घोरते. फॉर्म भरत नाही, आणि भरला तर मला तो पुन्हा भरावा लागतो. माझी पेनं नेते आणि परत देत नाही. पण कुठेही गाडी थांबली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "घरचं कोण आहे?" अकरा गावांत कोण कोणाचा मेव्हणा, कोण कोणाची सावत्र बहीण, कोणाचं कोणाशी बोलणं बंद, हे तिला माझ्या कपाटातल्या सगळ्या रजिस्टरांपेक्षा जास्त माहीत आहे.

प्रशिक्षणाच्या पहिल्या सकाळी आचार्यांनी टेबलं बाजूला सारायला लावली. मन मोकळं झाल्याशिवाय ज्ञान आत जात नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यासाठी ऊसतोडणी सोडून आलेल्या पुरुषांनी आणि पन्नाशीच्या दुअनने हाताची सोंड करून, गाणं म्हणत गोल फिरायचं. सगळे फिरले. आमची माणसं पाहुण्याला नाही म्हणत नाहीत. मग कागदी डब्यातला नाश्ता झाला, बोटांचं बदाम करून सगळ्यांचा फोटो झाला, आणि ज्ञान सुरू झालं.

ज्ञान म्हणजे सहा पायऱ्या. परदेशी पुस्तकातून कोणीतरी त्या आमच्या भाषेत उतरवल्या होत्या, आणि ज्याने उतरवल्या त्याने ना भ्रमिष्ट माणूस पाहिला होता ना खेडं. पहिली पायरी, आपलं नाव आणि हुद्दा सांगा. दुसरी, रुग्णाला त्याच्या पूर्ण नावाने, स्पष्टपणे आणि सन्मानपूर्वक तीन वेळा हाक मारा. तिसरी मी विसरलो. चौथीत 'आपल्या भावना मला समजतात' हे वाक्य राजधानीच्या शुद्ध बोलीत म्हणायचं होतं. ती बोली आमच्याकडे टीव्हीवर ऐकू येते आणि पोलीस ठाण्यात.

खरी गंमत दुसऱ्या पायरीत होती. आमच्या गावांत कोणाचंही पूर्ण नाव कोणाला माहीत नसतं. मूल जन्मलं की आई त्याला बेडूक म्हणते, मुंगी म्हणते, लठ्ठ्या म्हणते, आणि तेच नाव सरणापर्यंत चालतं. लांबलचक नाव भंतेंना विचारून ठेवतात आणि ते ओळखपत्रावर जाऊन बसतं. माझ्या शेजाऱ्याचं पूर्ण नाव मला त्याच्या अंत्यविधीच्या पत्रिकेवर कळलं. जिवंत माणसाचं पूर्ण नाव मोठ्याने घेतात ते तिघेच: एप्रिलमध्ये सैन्यभरतीची चिठ्ठी उचलायला बोलावणारा शिपाई, कोर्टातला कारकून आणि पोलीस. पूर्ण नाव कानावर पडलं की आमचा माणूस आधी पळतो. विचार नंतर.

दुअनने हात वर केला. "आचार्य, पूर्ण नाव माहीत नसेल तर?"

"ओळखपत्र पाहायचं, ताई."

"त्याच्या हातात कोयता आहे."

"मग आईला विचारायचं."

"आईला पण आठवत नाही हो. माझ्या आईला माझं नाव लिहायचं झालं की ती शेजारणीला हाक मारायची."

सभागृह हसलं. आचार्यही हसले. पण हसता हसता त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं.

पाचव्या दिवशी लेखी आणि प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिकात वेडा माणूस व्हायचं काम आचार्यांनी स्वतःकडे ठेवलं होतं. त्यांनी बूट काढून नीट जोडीने भिंतीशी ठेवले, केस थोडे विस्कटले, हातात पाण्याची बाटली घेतली आणि म्हणाले, "हा सुरा आहे असं समजा." मग ओरडले, "जवळ येऊ नका."

दुअन त्यांच्याकडे पाहत उभी राहिली. मग विचारलं, "जेवलात का?"

आचार्य गुरगुरले.

दुअन सभागृहाकडे वळली. "याच्या घरचं कोण आहे इथे?"

गाडी चालवणारा तुम मागच्या रांगेतून म्हणाला, "मी मेव्हणा."

"किती दिवस झोपला नाही हा?"

"प्रशिक्षण सुरू झाल्यापासून."

लोक खुर्च्यांवरून खाली यायचे बाकी राहिले. आचार्यांनी केस नीट केले आणि प्रात्यक्षिकाला शून्य दिलं. सहा पायऱ्यांत नातेवाइकांशी गप्पा मारण्याची पायरी नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. लेखी धरून दुअनला शंभरपैकी बावन्न. पास व्हायला साठ लागत.

सगळ्यात जास्त, सत्त्याण्णव, कोसिनला मिळाले. कोसिन एक्केचाळीस वर्षांचा, तांबोनच्या अध्यक्षांचा पुतण्या आणि गाडीच्या चमूचा प्रमुख. त्याने प्रमाणपत्राची छोटी प्रत प्लास्टिकमध्ये घालून गळ्यात अडकवली, आणि त्या दिवसापासून तो राजधानीच्या बोलीत बोलू लागला. घरी बायकोशीही, असं तुम सांगतो.

दुअनची फेरपरीक्षा एका महिन्याने ठरली. तेव्हाही नापास झाली तर नाव कायमचं कमी. तोपर्यंत तिला गाडीत बसायची परवानगी होती, पण असल्या रुग्णांशी बोलायची नाही. तक्त्यात तिच्या नावापुढे शेरा मारायचा होता: 'मदतनीस, संवादास अपात्र.' मी मारला. सुंदर अक्षरात.

दुअनने तक्ता वाचला. "म्हणजे काय करायचं मी?"

"स्ट्रेचर धरायचं."

"आणि तोंड?"

"ते बंद."

"बरं," ती म्हणाली. "तुमचं तर तीस वर्षं तसंच आहे. काही बिघडलं नाही."

मी तक्ता घडी करून खणात ठेवला.

एकोणीस दिवसांनी सकाळी आम्ही जिल्ह्याच्या दवाखान्यात ऑक्सिजनची नळकांडी बदलायला निघालो होतो. पावत्यांवर सही माझी लागते, म्हणून मीही गाडीत होतो. तुम चालवत होता, शेजारी कोसिन, मागे मी आणि दुअन. वाटेतच निरोप आला: खोकयाओ गावात जोय ऊसतोडणीचा कोयता घेऊन पाण्याच्या टाकीवर चढला आहे.

जोय म्हणजे हडकुळा. तो चौतीस वर्षांचा होता आणि नावाप्रमाणेच होता. मासळीच्या कारखान्यातून परत आला तेव्हापासून त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. दवाखान्याच्या गोळ्यांनी बरा असायचा, मग बरा आहे म्हणून गोळ्या सोडायचा. पूर्वी एकदा गोळ्या सोडलेल्या असताना त्याने बाजारात कोणाची तरी मोटारसायकल ढकलून दिली होती, आणि त्यापायी कोर्टात उभा राहून आला होता.

खोकयाओची टाकी चंदेरी, एका खांबावर उभी, पंधरा मीटर उंच. वर जायला बाहेरून लोखंडी शिडी, टाकीभोवती कठडा असलेली हातभर रुंदीची वाट, आणि चार दिशांना मुखियांचे चार भोंगे. रोज सकाळी सहाला मुखिया बुनल्यू आपल्या घरातून माईकवर बोलतात आणि गाव जागं होतं. इच्छा असो वा नसो.

आम्ही पोचलो तेव्हा दीडशे माणसं जमली होती. निम्मी फोन वर धरून उभी होती. आईस्क्रीमवालाही गाडी घेऊन आला होता. वर जोय कठड्यात उभा, उघडा, हातात कोयता. खाली एका केळीपाशी त्याची आई केन, कपाळावर हात धरून बसलेली. तिच्याशी कोणी बोलत नव्हतं. जिथून चित्रीकरण चांगलं होईल तिथे ती नव्हती.

कोसिनने गळ्यातलं कार्ड सरळ केलं आणि तोंडावर हातांचा कर्णा धरला. "माझे नाव कोसिन. मी प्रशिक्षित आपत्कालीन सेवक आहे."

वर काहीच पोचलं नाही. जोय भोंग्याच्या दांड्यावर कोयता मारत होता.

"असं ऐकू नाही जायचं," मुखिया बुनल्यू म्हणाले. "माझ्याकडे चला की. माईक चालू करतो. भोंगे अगदी त्याच्या कानाशी आहेत."

कोसिनचा चेहरा उजळला. "उत्तम. स्पष्टपणे आणि सन्मानपूर्वक. आपल्याकडे त्यांचे पूर्ण नाव असेल?"

"रजिस्टरात आहे ना."

दोघं लगबगीने मुखियांच्या घरात शिरले. मी तिथे उभा होतो. सत्त्याण्णव गुण मिळवलेल्या माणसाला आणि वीस वर्षं मुखिया असलेल्या माणसाला जे सुचलं ते मलाही ठीकच वाटलं, हे इथे लिहून ठेवतो.

दुअन स्ट्रेचरचा एक पाय धरून गाडीपाशी उभी होती, तक्त्यात लिहिल्याप्रमाणे. मग तिने तो खाली ठेवला आणि सावकाश केनपाशी जाऊन उकिडवी बसली.

"मावशी, तो वर कशाला चढला?"

पाऊण तासात हा प्रश्न कोणी विचारलेला नव्हता. केन म्हणाली, "भोंगे तोडायला. महिना झाला. भोंगा सकाळी आपलं नाव घेतो म्हणतो. पुरं नाव, कोर्टात घेतात तसं. कानात भाताचे गोळे कोंबून झोपतो ग. मी म्हटलं, अरे, मुखिया डासांच्या औषधाचं सांगतायत. ऐकतच नाही."

तेवढ्यात भोंगे खरखरले.

"श्रीयुत प्राकासित वोंगखाम," चारही दिशांनी कोसिनचा आवाज आला. "श्रीयुत प्राकासित वोंगखाम. आपल्या भावना आम्हाला समजतात."

महिनाभर ज्याची तो वाट पाहत होता ते झालं. भोंग्याने खरंच त्याचं नाव घेतलं, आणि तेही अख्ख्या गावासमोर. जोयने कोयत्यासकट दोन्ही हात कानांवर दाबले. कोयत्याचं पातं त्याच्या डोक्याला चिकटलेलं खालून दिसत होतं. मग त्याने एक पाय कठड्याबाहेर टाकला. खाली केनने ते पाहिलं. ती जमिनीवर आडवी झाली.

दुअन पळाली. अकरा वर्षांत तिला पळताना मी पहिल्यांदा पाहिलं. पाहण्यासारखं दृश्य नव्हतं, पण ती पोचली. मी मागोमाग दारात पोचलो तेव्हा कोसिन तिसऱ्या हाकेसाठी श्वास घेत होता.

"ताई, आपण संवादास अपात्र आहात," तो म्हणाला.

"मी कुठे संवाद करतेय," दुअन म्हणाली. "मी प्लग काढतेय."

आणि तिने तो काढला. नुसता काढला नाही, वायर यंत्रातूनही उपटली आणि हातात गुंडाळत टाकीखाली आली. तिथे तिने आईस्क्रीमवाल्याचा रिकामा खोका उलटा घातला आणि त्यावर बसली. लोकांना म्हणाली, "फोन खिशात घाला. ज्याला घालायचा नसेल त्याने आपल्या आईला वर चढवून तिचं चित्र काढावं." बरेच फोन खाली गेले.

गाव शांत झालं. टाकीतलं पाणी हललेलं ऐकू येत होतं.

"जोय," ती म्हणाली. ओरडून नाही, फाटकातून शेजाऱ्याशी बोलावं तसं. "मी दुअन. कोंबडीवाली. ही बघ वायर. भोंगा बंद केला."

जोयने वाकून पाहिलं. मग वरून आलं, "खोटं."

"खोटं कशाला बोलू. बघ, ही लाल."

"अजून येतंय ऐकू."

"कोणाचं?"

"मुखियाचं."

"काय म्हणतो?"

"नाव घेतो."

"घेऊ दे. त्याला दुसरा उद्योग काय आहे."

गर्दीत कोणीतरी फिसकन हसलं. जोय हसला नाही, पण बाहेरचा पाय त्याने आत घेतला. मग म्हणाला, "मला न्यायला आलात तुम्ही."

मला वाटलं, आता ती नाही म्हणेल. मी असतो तर नाही म्हणालो असतो.

"हो," दुअन म्हणाली. "गाडी आणलीय. दवाखान्यात जायला. पोलीस नाहीत, बघ वरून, तुला जास्त दिसतं. आई पण येईल बरोबर."

"हे तोडल्याशिवाय नाही येणार."

"मग तोड की. किती राहिलेत?"

"चार."

"म्हणजे सकाळपासून एकही नाही? जोय, तू ऊस तोडतोस तरी कसा?"

एवढ्यात मुखिया पुढे आले. "अहो, ती सरकारी मालमत्ता आहे."

दुअनने मान वळवली. "हे त्याच्या आईला सांगा, मुखिया. ती बघा, तिथे पडलीय."

मुखिया केनकडे न बघता मागे सरकले.

"दांडा लोखंडाचा आहे, त्यावर मारू नको," दुअन वर बघून म्हणाली. "खालची काळी वायर काप. ती कापली की गेला भोंगा. सावकाश. मला घाई नाही."

जोयने एकेक करत चारही वायरी कापल्या. प्रत्येक कापल्यावर तो थांबून कान देऊन ऐकायचा. तिसरीला बराच वेळ लागला. आईस्क्रीम वितळायला लागलं तसं आईस्क्रीमवाला निघून जाऊ पाहत होता, त्याला तुमने धरून ठेवलं. चौथी कापून झाल्यावर दुअन म्हणाली, "आता कोयता त्या बाजूला टाक, मोकळ्या शेतात. इकडे माणसं आहेत." कोयता शेतात पडला. मग जोय शिडीने खाली आला आणि शेवटच्या पायरीवर थांबला. दुअनने त्याला हात लावला नाही. जेवलास का, एवढं विचारलं. तो जेवला नव्हता. गाडीत आईशेजारी बसून त्याने पावात घातलेलं नारळाचं आईस्क्रीम खाल्लं. कोसिन पुढे बसून फॉर्म भरत होता.

तीन आठवडे खोकयाओत भोंगा वाजला नाही. लोक साडेसहापर्यंत झोपत होते. कोणी तक्रार केली नाही. केली ती एकट्या मुखियांनी.

त्यांची तक्रार आणि कोसिनचा अहवाल माझ्या टेबलावर एकाच दिवशी आले. कोसिनच्या अहवालात सहाही पायऱ्या क्रमाने पार पडल्या होत्या. रुग्णाने पूर्ण नावाला प्रतिसाद दिला, असं त्यात होतं. ते खोटं म्हणता येणार नाही. दुअनचं नाव 'स्ट्रेचर' या शब्दाशेजारी एकदा आलं होतं. मुखियांच्या तक्रारीत कोसिन कुठेच नव्हता. तिथे संवादास अपात्र असलेल्या एका मदतनीस बाईने वेड्याला चिथावून सरकारी भोंग्यांचं नुकसान करवलं होतं. एका कागदाप्रमाणे तिने काहीच केलं नव्हतं आणि दुसऱ्याप्रमाणे सगळं तिनेच केलं होतं. अध्यक्षांनी दोन्हीवर 'पाहिले' म्हणून सही केली. मी दोन्ही कागद एकाच फाइलीत लावले.

मग आचार्यांचा फोन आला. कोसिनचा अहवाल त्यांना फार आवडला होता. प्रकल्पाच्या समारोपाला त्यांना अशीच यशोगाथा हवी होती.

"आणि त्या ताई?" मी विचारलं.

"हां, त्या," आचार्य म्हणाले आणि मला समजायला वेळ देण्यासाठी थांबले. "त्या फेरपरीक्षेत पास झाल्या, तर पात्र व्यक्तीने जागेवर निर्णय घेतला असं धरता येईल. मग तक्रार आपोआप मिटते. नापास झाल्या तर मात्र नाव काढावं लागेल. माझ्या हातात काही नाही."

काम त्यांच्याच हातातलं होतं, तरीही ते असं म्हणाले, आणि मी 'होय आचार्य' म्हणालो.

फेरपरीक्षेच्या आदल्या दुपारी दुअन माझ्या टेबलापाशी आली. "दादा, ते सहा पायऱ्यांचं पुस्तक द्या."

मी दिलं, पण मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर माझ्या मनात वेगळंच चित्र होतं. ती सभागृहात उभी राहील आणि आचार्यांना चार शब्द सुनावेल. जे मी कधीच कोणाला सुनावले नाहीत ते तिने सुनावावेत आणि मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकावेत, अशी माझी सोय मी मनात करून ठेवली होती.

"तू त्यांना सांग ना, टाकीपाशी काय झालं ते," मी म्हणालो.

"कोणाला? आचार्यांना?" ती पानं उलटत होती. "त्यांना सांगून काय करू? ते काय गाडीत बसणार आहेत?"

"निदान खरं काय ते तरी कळेल."

"दादा, माझ्या भावाचं डोकं फिरलं, त्याला नेलं तेव्हा तुम्ही इथेच होता. आठवतं ना? दोर बांधून. गाडीत चार माणसं होती. त्याला घरी काय म्हणतात हे चौघांतल्या एकालाही माहीत नव्हतं. तो तीन दिवस दवाखान्यात कोणाशी बोललाच नाही, तर त्यांनी मुका म्हणून लिहिलं." तिने एका पानावर बोट ठेवलं. "हा शब्द काय आहे? अक्षर बारीक आहे."

"सहानुभूतिपूर्वक."

"बाप रे," ती म्हणाली आणि तो तीन वेळा पुटपुटून पाठ केला. जाताना माझं पेन घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी आचार्यांनी बूट काढून जोडीने भिंतीशी ठेवले. केस विस्कटले. बाटली उचलली. "जवळ येऊ नका."

दुअन दोन हात अंतरावर उभी राहिली, पाय जुळवून. "माझे नाव लामदुअन. मी आपत्कालीन सेविका आहे," ती राजधानीच्या स्वच्छ बोलीत म्हणाली. तुमने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. "श्रीयुत विथून सिरिचोत. श्रीयुत विथून सिरिचोत. श्रीयुत विथून सिरिचोत. आपल्या भावना मला समजतात. मी आपले म्हणणे सहानुभूतिपूर्वक ऐकत आहे. आपण खुर्चीवर बसू इच्छिता की चटईवर?"

आचार्यांनी एकदा गुरगुरून पाहिलं. मग खांदे पाडले, बाटली टेबलावर ठेवली आणि खुर्चीवर बसले. एक मिनिटही लागलं नाही. मग त्यांनी स्वतःच टाळ्या वाजवल्या, आणि आम्हीही वाजवल्या. चौऱ्याण्णव गुण. माणूस प्रशिक्षणाने किती बदलू शकतो यावर ते दहा मिनिटं बोलले, आणि बोटांचं बदाम करून तिच्याबरोबर फोटो काढून घेतला. फोटोत दुअन बदामाऐवजी नुसती दोन बोटं वर करून उभी आहे. कोसिनने तिचं अभिनंदन केलं आणि उच्चार आणखी सुधारता येतील असं सांगितलं.

सगळे गेल्यावर ती सभागृहाच्या पायरीवर बसून चिकट भात खात होती. मी शेजारी उभा राहिलो.

"छान म्हटलंस," मी म्हणालो. म्हणताना मला जरा लाजच वाटली.

"त्यांना काय, काहीही म्हटलं असतं तरी बसलेच असते." तिने भाताचा गोळा मिरचीच्या चटणीत बुडवला. "घाबरलेलेच नव्हते ते."

गोळा खाऊन तिने विचारलं, "गुरुवारी कोणाची पाळी आहे?"

"कोसिनची."

"ती मला द्या. जोयला इंजेक्शनला न्यायचंय. कोसिन असेल तर गाडीत चढणार नाही म्हणतो."

मी आत जाऊन तक्ता काढला आणि गुरुवारची पाळी तिच्या नावावर केली.